गाठी होत्या, नत्र नव्हते : वोबर्नच्या वाफ्यांचे प्रकरण

सोयाबीन चाळीस-पंचेचाळीस दिवसांचे झाले की मी एखादे झाड मुळासकट काढून बघतो. उपटत नाही, कारण उपटले की निम्म्या गाठी मातीतच राहतात. खुरप्याने भोवतालची माती सैल करायची, ढेकळासकट झाड उचलायचे, बादलीतल्या पाण्यात मुळे अलगद विसळायची. मग एक टपोरी गाठ घेऊन अंगठ्याच्या नखाने फोडायची. आत गुलाबी-लाल रंग दिसला की जीव भांड्यात पडतो. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदांपैकी एकाचा. तो आहे म्हणजे आतला रायझोबियम हा जिवाणू हवेतले नत्र धरतो आहे. गाठ हिरवट-करडी निघाली तर ती म्हातारी झाली असे समजावे. पण ऐन वाढीच्या दिवसांत गाठ आतून पांढरीफटक निघाली तर गोष्ट वेगळी. जिवाणू आत शिरलाय, घर बांधून बसलाय, झाडाची साखर खातोय आणि बदल्यात काहीच देत नाही.

अशी पांढरी गाठ दिसली की आपण नेहमीच्या कारणांकडे वळतो. बियाण्याला चोळायच्या जिवाणू खताचे पाकीट जुने होते का, बी उन्हात ठेवले का, बुरशीनाशक लावून लगेच त्यावर जिवाणू चोळले का, पेरणीनंतर पावसाने ओढ दिली का, जमीन चोपण आहे का. ही सगळी कारणे खरीच आहेत. पण इंग्लंडमधल्या वोबर्नच्या शेतावर असे एक प्रकरण घडले की त्यात यातले एकही कारण लागू पडत नव्हते. ते समजून घेतल्यापासून मुळावरच्या गाठींकडे बघण्याची माझी नजर बदलली, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

शेत आणि गाळ

वोबर्न हे बेडफर्डशरमधले गाव. तिथले प्रयोगक्षेत्र १८७६ साली सुरू झाले आणि पुढे रॉथॅमस्टेड या जुन्या कृषी संशोधन केंद्राकडे आले. इथली माती हलकी, वाळूसर. आपल्याकडे कोकणाच्या कडेला किंवा नदीकाठी असते तशी, काही धरून न ठेवणारी. चिकणमाती थोडी, त्यामुळे मातीत जे घालाल त्याचा परिणाम लवकर आणि उघडा दिसतो. याच शेतावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमोनियम क्षारांची खते वर्षानुवर्षे देऊन गहू-बार्लीचे तुकडे इतके आम्ल झाले होते की बार्ली उभी राहीना, शेवटी चुना द्यावा लागला. भारी काळ्या जमिनीत तेच व्हायला कितीतरी जास्त वर्षे लागली असती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, इथे भाजीपाल्याचा एक दीर्घ प्रयोग लावला गेला. प्रश्न साधा होता. भाजीवाल्यांना शेणखत पुरेसे मिळत नाही, मग त्याच्या जागी शहरातला मैलागाळ चालेल का? काही वाफ्यांत शेणखत, काहींत सांडपाण्याचा गाळ, काहींत गाळाचे कंपोस्ट, आणि तुलनेसाठी काहींत नुसती रासायनिक खते. गाळ पश्चिम लंडनच्या बाजूचा होता, तिथल्या सांडपाण्यात कारखान्यांचे पाणीही मिसळलेले. १९६१ पर्यंत हा गाळ पडत राहिला, मग बंद केला. जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) चुना देऊन ६.५ च्या आसपास राखला होता. हा तपशील महत्त्वाचा आहे. पुढे जे काही घडले त्याचा सगळा ठपका आम्लतेवर ठेवता येत नाही तो यामुळेच.

सोनखताची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, त्यामुळे या प्रयोगामागची बुद्धी मला परकी वाटत नाही. गाळात सेंद्रिय कर्ब भरपूर, नत्र-स्फुरद भरपूर. पण त्या गाळातून जस्त, तांबे, निकेल, कॅडमियम, शिसे, क्रोमियम हेही मातीत उतरत होते. सेंद्रिय पदार्थ कुजून जातो, धातू कुजत नाही.

धातूंचा हिशोब करताना एक गंमतशीर अडचण आली होती, ती सांगण्यासारखी आहे. रॉथॅमस्टेडला जुन्या मातीचे नमुने वर्षवार बाटल्यांत जपून ठेवायची शिस्त आहे. त्या नमुन्यांवरून एकूण किती धातू पडला आणि आता किती उरला हे ताडून पाहिले तर बराच धातू हरवलेला दिसत होता. खाली निचऱ्याबरोबर गेला असावा, असे कुणालाही वाटले असते. पण खालच्या थरांत तो सापडेना. शेवटी लक्षात आले की वाफे लहान होते आणि दरवर्षीच्या नांगरटीने माती वाफ्याच्या हद्दीबाहेर आजूबाजूला सरकत गेली होती. धातू शेतातच होता, फक्त आडवा पसरला होता. गाळ बंद करून वीस वर्षे उलटली तरी नांगरटीच्या थरातून त्याने काढता पाय घेतला नव्हता.

क्लोव्हरने दाखवलेली खूण

गाळाच्या वाफ्यांत काही बिघडले आहे हे भाजीपाल्यावरून कळले नाही. पहिली शंका आली ती १९८० च्या दशकात मातीतल्या एकूण सूक्ष्मजीवांचे वजन मोजताना. फिलिप ब्रूक्स आणि स्टीव्ह मॅक्ग्रा यांना गाळाच्या मातीतला सूक्ष्मजीवांचा साठा शेणखताच्या मातीतल्या साठ्याच्या सुमारे निम्माच आढळला. ज्या मातीत सेंद्रिय कर्ब जास्त, तिथे सूक्ष्मजीव जास्त असायला हवेत. इथे उलटेच निघाले.

मग त्या मातीत पांढरा क्लोव्हर वाढवून बघितला. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचाच सख्खा नातलग, एकाच कुळातला आणि एकाच प्रजातीच्या रायझोबियमवर जगणारा. शेणखताच्या मातीत तो हिरवागार वाढला. गाळाच्या मातीत पिवळा आणि खुरटा. नत्र स्थिर होण्याचे प्रमाण निम्म्यावर. मुळे धुवून पाहिली तर गाठी होत्या, पण बारीक आणि पांढऱ्या.

इथपर्यंत कुणीही म्हणेल की धातूची बाधा पिकाला झाली आणि पीकच आजारी पडले. ती शंका त्यांनी साध्या युक्तीने फेडली. त्याच मातीतल्या क्लोव्हरला वरून नत्र दिले. झाड सुधारले. म्हणजे झाडाला त्या मातीत वाढता येत होते, त्याची फक्त नत्राची उपासमार होत होती. बिघाड झाडात नव्हता, झाडाच्या भागीदारात होता.

पुढचे काम केन गिलर, मॅक्ग्रा आणि पेनी हर्श यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. गाळाच्या मातीतल्या पांढऱ्या गाठींतून त्यांनी जिवाणू वेगळे काढले आणि स्वच्छ माध्यमात, जिथे धातूचा लवलेश नव्हता, नव्या क्लोव्हरवर सोडले. त्यांनी गाठी केल्या. गाठी पुन्हा पांढऱ्याच, आणि नत्र नाहीच. तेव्हा प्रश्न असा उरला नाही की धातूने चांगल्या जिवाणूचे हातपाय बांधले आहेत. तो जिवाणू मुळातच बिनकामाचा होता.

त्यांनी मग एकेका जिवाणूची ओळखपरेड घेतली. या जातीच्या जिवाणूत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची काही वेगळी वर्तुळे असतात, प्लाझ्मिड म्हणतात त्यांना. गाठी करायची आणि नत्र धरायची जनुके याच वर्तुळांवर असतात. विजेच्या प्रवाहाने ती जेलीत पसरवली की प्रत्येक वाणाचा पट्ट्यांचा ठसा वेगळा उमटतो. शेणखताच्या वाफ्यांतले ठसे नाना तऱ्हांचे होते, जशी वस्तीत नाना घरची माणसे असावीत. गाळाच्या वाफ्यांतल्या सगळ्या जिवाणूंचा ठसा एकच. तिथे नांदणारी सगळी प्रजा त्या एका बिनकामाच्या वाणाची निघाली.

मला यातले सर्वात दाहक वाटते ते हे की नुसती गाठी मोजणारी तपासणी केली असती तर सगळे ठीक दिसले असते. मातीत रायझोबियम आहे का? आहे. मुळांवर गाठी येतात का? येतात. आपल्याकडेही बरेचदा तपासणी इथेच थांबते.

जिवाणू मेले कधी आणि कसे

रायझोबियमच्या आयुष्याचे दोन भाग असतात. एक गाठीच्या आतला, तिथे झाड त्याला साखर देते, प्राणवायू मोजून-मापून देते, बाहेरच्या मातीपासून आडोसा देते. दुसरा बाहेरचा, मातीच्या कणांवरच्या पाण्याच्या पातळ थरातला. तिथे त्याला उपाशी राहावे लागते, कोरड सोसावी लागते, त्याला खाणारे एकपेशीय प्राणी टपलेले असतात, आणि मातीच्या पाण्यात जे विरघळले असेल ते थेट त्याच्या अंगाला भिडते. जस्त, तांबे, कॅडमियम यांचे मोकळे आयन याच पाण्यात असतात. चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब त्यांना धरून ठेवतात, सामू वाढला की ते आणखी घट्ट बसतात. सामू उतरला किंवा माती हलकी असली की ते मोकळे सुटतात. वोबर्नची माती हलकी, म्हणजे धरून ठेवणारे हातच थोडे.

भाजीपाल्याच्या त्या सगळ्या वर्षांत क्लोव्हर नव्हता. जिवाणूला गाठीचा आडोसा मिळालाच नाही, पिढ्यान् पिढ्या बाहेरच राहावे लागले. धातूने त्यांना एका झटक्यात मारले असे नाही. रॉथॅमस्टेडच्या अमर चौधरी आणि सहकाऱ्यांनी पुढे चांगल्या मातीत मुद्दाम धातू मिसळून दीड वर्ष लक्ष ठेवले, तेव्हा जिवाणूंची घट सावकाश, महिन्यामागून महिन्याने होताना दिसली. आठ-पंधरा दिवसांच्या प्रयोगात ही गोष्ट हाताला लागली नसती. एखादे रसायन जिवाणूंना सुरक्षित आहे असा दावा मी वाचतो तेव्हा पहिल्यांदा बघतो की निरीक्षण किती दिवस केले.

गिलर यांच्या प्रयोगातला आणखी एक धागा यातच बसतो. कामाचे जिवाणू फार मोठ्या संख्येने त्या गाळाच्या मातीत घातले, तर क्लोव्हरवर चांगल्या गाठी आल्या आणि नत्र मिळाले. थोड्या संख्येने घातले आणि झाड नसताना मातीतच ठेवले, तर ते टिकले नाहीत. म्हणजे धातू असलेल्या मातीतही गाठ होऊ शकते, आत नत्रही धरले जाते. अडते ते मधल्या काळात, एका पिकापासून दुसऱ्या पिकापर्यंत तग धरण्यात.

यावर अमेरिकेतून जोरदार हरकत आली, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मेरीलँडमधल्या गाळ दिलेल्या जमिनींत ब्रॅडीरायझोबियमवर, म्हणजे सोयाबीनवर गाठी करणाऱ्या जिवाणूवर, असा परिणाम आढळला नव्हता. तिथल्या संशोधकांचे म्हणणे असे की खरा मारेकरी आम्लता आणि यजमान पिकाचा (ज्याच्या मुळांवर जिवाणू गाठी करतो त्या पिकाचा) दीर्घ अभाव, धातूचे नाव उगाच पुढे केले जाते. आम्लतेबद्दलची त्यांची सूचना मोलाची आहे, सामू उतरला की धातूही मोकळा होतो आणि क्लोव्हरचा रायझोबियम आम्लतेने स्वतंत्रपणेही मरतो. पण वोबर्नपुरते माझे मत पक्के आहे. शेणखताच्या वाफ्यांतही त्या वर्षांत क्लोव्हर नव्हताच. तीच माती, तीच हवा, तेवढीच वर्षे यजमानाविना, आणि चुन्याने राखलेला सामू. तरी तिथे नाना वाण जिवंत राहिले आणि शेजारच्या वाफ्यात एकच उरला. दोन वाफ्यांत फरक होता तो गाळाचा. मेरीलँडचा जिवाणू वेगळा, माती वेगळी, गाळ वेगळा. तिथला निकाल वोबर्नला खोटा पाडत नाही, तो एवढेच सांगतो की एका जिवाणूची सहनशक्ती दुसऱ्याला लावू नये.

या प्रकरणाचा परिणाम नियमांपर्यंत पोहोचला. युरोपच्या १९८६ च्या निर्देशात गाळ दिलेल्या शेतजमिनीसाठी जस्ताची मर्यादा मातीच्या किलोमागे १५० ते ३०० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची १ ते ३ मिलिग्रॅम अशी ठेवली होती. या मर्यादा माणसाच्या, जनावराच्या आणि पिकाच्या आरोग्यावर नजर ठेवून बेतलेल्या. वोबर्नमध्ये कॅडमियम मर्यादेच्या वर होते, पण जस्ताच्या बाबतीत मर्यादा आणि प्रत्यक्ष इजा यांत फारसे अंतर उरले नव्हते. ब्रिटनमध्ये तज्ज्ञांचा आढावा झाला आणि १९९६ च्या आचारसंहितेत सामू ५ ते ७ असलेल्या जमिनींसाठी जस्ताची सल्ला-मर्यादा ३०० वरून २०० वर आणली गेली. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जिवाणूच्या बाजूने नियम बदलला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आपल्या शिवारात याचा अर्थ

आपण पाकिटाकडे फार आशेने बघतो, म्हणून एक हिशोब मांडतो. आपल्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या जिवाणू खतात ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट, आणि हेक्टरी ७५ किलो सोयाबीन बियाणे धरले तर हेक्टरी सुमारे ९४ अब्ज जिवाणू जातात. आकडा मोठा वाटतो. पण एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात माती असते सुमारे २० लाख किलो. सगळीकडे पसरले तर ग्रॅमला पन्नासही येत नाहीत. मातीत आधीपासून रुजलेली वस्ती ग्रॅमला हजारोंनी असू शकते. पाकिटाचे काम चालते ते जिवाणू बियाण्याला चिकटून असतात आणि पहिले मूळ त्यांच्याच अंगावरून जाते म्हणून. ती त्या हंगामाची सोय. पीक निघाल्यावर ते मातीत उतरतात आणि पुढच्या द्विदल पिकापर्यंत त्यांना जगावे लागते. हरभऱ्याचा किंवा मुगाचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम) चांगला, असे आपण म्हणतो ती जमीन नुसते नत्र नाही, जिवाणूंची वस्तीही राखून ठेवते. ती वस्ती कोणत्या वाणाची आहे, हे मात्र बेवड सांगत नाही.

मला काळजी वाटते ती द्राक्षपट्ट्याची. डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण करायचे तर १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचुदात तांबे सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे एका शंभर लिटरमागे पाव किलो तांबे. त्यातले बरेचसे पानांवरून, छाटणीच्या काड्यांवरून शेवटी बागेच्या मातीतच येते, आणि तिथून हलत नाही. युरोपातल्या जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत तांबे साठल्याचे चांगले माहीत आहे. आपल्या भारी, चुनखडीयुक्त, सामू आठच्या वर असलेल्या जमिनीत ते घट्ट बांधले जाते, ही आपली जमेची बाजू. पण वीस-पंचवीस वर्षांची बाग काढून त्या हलक्या मुरमाड तुकड्यात हरभरा किंवा सोयाबीन घेणाऱ्याने गाठी फोडून बघाव्यात, असा माझा आग्रह आहे. शहराजवळच्या ज्या शेतांना सांडपाणी किंवा प्रक्रिया केंद्राचा गाळ मिळतो, त्यांनाही तोच. माती परीक्षणाच्या नेहमीच्या कागदावर सामू, क्षारता, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश येतात. जिवाणूला लागणारा धोका त्यात दिसेलच असे नाही. जस्त-तांब्याचा आकडा सूक्ष्मद्रव्यांच्या तपासणीत येतो, पण तो कमी आहे का हे पाहण्याच्या सवयीने वाचला जातो, जास्त आहे का हे क्वचितच कुणी बघते.

रॉथॅमस्टेडची युक्ती घरच्या ओसरीवर करता येते, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. शंका असलेल्या शेतातली माती तीन कुंड्यांत भरायची, चौथ्या कुंडीत बांधावरची किंवा कधी गाळ-फवारा न पडलेली माती. माती घेताना वरच्या वीतभर थरातली, वेगवेगळ्या पाच-सहा जागांची मिसळून घ्यायची. खत घातल्यावर लगेच घ्यायची नाही, कारण मातीत नत्र मुबलक असले की झाड गाठीच करत नाही आणि सगळा अंदाज चुकतो. चारही कुंड्यांत एकाच पिशवीतले मूग किंवा हरभरा, ज्याचा हंगाम असेल तो, लावायचा. पहिलीत नुसते बी. दुसरीत ताज्या पाकिटाची बीजप्रक्रिया करून. तिसरीत नुसते बी, पण उगवल्यावर पाण्यातून चिमूटभर युरिया दोन-तीनदा. चौथीत, म्हणजे बांधाच्या मातीत, नुसते बी. वाफसा टिकेल इतकेच पाणी, कुंड्या एका ओळीत, सगळ्यांना सारखे ऊन.

पाच-सहा आठवड्यांनी ढेकूळ फोडून मुळे धुवायची. तिसरीतले झाडसुद्धा खुरटे असेल तर जमिनीने झाडालाच धरले आहे, जिवाणूला दोष देऊ नये. तिसरीतले हिरवे आणि पहिलीतले पिवळे असेल, आणि पहिलीच्या गाठी नखाखाली पांढऱ्या निघत असतील, तर वोबर्नच्या वाफ्यात जे झाले तसेच काही त्या मातीत झाले असण्याचा संभव आहे. मग दुसऱ्या कुंडीकडे बघायचे. तिथल्या गाठी लाल निघाल्या तर पाकीट त्या हंगामापुरते चालते, दरवर्षी, प्रत्येक द्विदल पिकाला, न चुकता बीजप्रक्रिया करावी लागेल, कारण मधल्या काळात ते जिवाणू त्या मातीत टिकत नसावेत. आणि तिथेही पांढऱ्याच निघाल्या, तर तांबे, जस्त आणि कॅडमियमसाठी मातीचा नमुना वेगळा पाठवायची वेळ आली आहे.